डक्टच्या पोटात काय काय!

'डाय हार्ड' (1988) आठवतोय? ब्रूस विलिस एसीच्या डक्टमधून रांगत जातो आणि खलनायकांच्या हातावर तुरी देतो. प्रत्यक्षात हे जमणं कठीण! डक्ट म्हणजे हवेची नळी, ती पातळ जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याची असते. मोठ्या माणसाच्या वजनानं ती वाकेल, नाहीतर आत आलेली स्क्रूची टोकं अंग ओरबाडतील. त्यातून वाचलाच, तर धुळीनं शिंकून शिंकून नायक पकडला जाईल.

ही धूळ कुठली? रस्त्यावरची माती असतेच, पण कपड्यांचे तंतू, कागदाचा भुगा, केस आणि आपल्याच त्वचेचे सूक्ष्म पापुद्रेही असतात. हे पापुद्रे म्हणजे धुळीतल्या किड्यांचं खाद्य. त्यात ओल मिळाली की बुरशी आलीच.

आता खरी धोक्याची जागा: हॉटेलचं स्वयंपाकघर. फोडणी, तळण, कढईतल्या नूडल्स यांची तेलकट वाफ हूडमधून डक्टमध्ये शिरते, पत्र्याला लागून थंड होते आणि तिथेच चिकटते. महिनोन् महिने थरावर थर! भट्टीची एखादी ज्वाळा किंवा ठिणगी वर ओढली गेली, तर हा थर पेटतो. डक्ट तळमजल्यावरून गच्चीपर्यंत जात असेल, तर आगीला इमारतभर फिरायला आयती वाट मिळते. म्हणून अमेरिकेतल्या 'एनएफपीए 96' या अग्निसुरक्षा मानकात तपासणीचं वेळापत्रकच दिलंय. कोळशावर किंवा लाकडावर स्वयंपाक होत असेल तर दर महिन्याला, चोवीस तास चालणाऱ्या किंवा चिनी कढईच्या स्वयंपाकघरात दर तीन महिन्यांनी. आपल्याकडच्या तंदूरवाल्यांनी हे वेळापत्रक भिंतीवर लावावं असंच आहे.

पाण्याचीही एक गोष्ट. जुलै 1976. फिलाडेल्फियाच्या बेलव्यू-स्ट्रॅटफोर्ड हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन झालं आणि पाठोपाठ माणसं न्यूमोनियासारख्या आजारानं पडू लागली. 221 जण आजारी, 34 मृत्यू. जानेवारी 1977मध्ये जिवाणू सापडला, नाव पडलं 'लिजिओनेला'. संशयाची सुई वळली ती एसी यंत्रणेच्या कूलिंग टॉवरमधल्या पाण्याकडे. कोमट साचलेलं पाणी या जिवाणूला फार मानवतं. त्यामुळे इमारतीत सफाईवाले आले की त्यांना डक्टबरोबर कूलिंग टॉवर आणि पाणी साचणारा ट्रेही दाखवा.

सफाई होते कशी? डक्टला जबरदस्त ओढ असलेलं व्हॅक्यूम जोडतात, म्हणजे सुटलेली धूळ खोलीत न येता यंत्रात जाते. आतून गोल फिरणारा ब्रश फिरवतात. मोठ्या इमारतींत कॅमेरा लावलेला छोटा रोबो आत सोडतात. 'आधीचे' आणि 'नंतरचे' फोटो जरूर मागा, पैसे त्याचेच द्यायचे.

आणि घरी? तुमच्याकडे साधा स्प्लिट एसी असेल तर डक्टच नाही, खर्च वाचला! तिथे फिल्टरची जाळी धुवा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मते तुंबलेला फिल्टर बदलला तर एसीची वीज 5 ते 15 टक्के वाचू शकते. घरात डक्टचा एसी असेल, तरी 'डक्ट धुतले की आजार पळाले' या जाहिरातीवर भाळू नका. केवळ डक्ट साफ केल्यानं आजार टळतात हे सिद्ध झालेलं नाही, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए स्वतःच सांगते. मात्र आत बुरशी दिसत असेल, उंदीर-झुरळं शिरली असतील किंवा झरोक्यातून धूळ उडत असेल, तर सफाई करून घेण्याचा विचार करा, असंही तीच संस्था सांगते. ओल कुठून येते ते आधी शोधा, नाहीतर बुरशी पुन्हा हजर.

तुमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर हॉटेल आहे का? मग येत्या सभेत एकच प्रश्न विचारा: त्यांचा किचन डक्ट शेवटचा कधी साफ झाला? तारीख लेखी मागा.