शब्दपरीक्षा आणि शंभर वर्षांपूर्वीचा आवाज

योगरत्नाकराने सांगितलेल्या अष्टविध परीक्षेत नाडी, मूत्र, मल आणि जिव्हा यांच्यानंतर शब्दपरीक्षा येते. आपण सर्वांनी ती पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि व्यवसायात आल्यावर रुग्णपत्रिकेतील त्या रकान्यात ‘प्राकृत’ एवढा एकच शब्द लिहून मोकळे झालो. शब्दाला ग्रंथकारांनी नाडीच्या पंक्तीत का बसविले असावे, याचा विचार करताना आम्हांस शंभर वर्षांपूर्वीचे खेड्यातील जीवन डोळ्यांपुढे आणणे उपयुक्त वाटते. त्या काळी बहुतेक माणसांजवळ निरोप, हिशेब, बातमी, प्रार्थना आणि आजार यांसाठी आवाज हेच साधन होते. 1921 च्या जनगणनेनुसार देशात शंभरात जेमतेम सात माणसे साक्षर होती. पत्र आले की ते वाचून दाखविणारा मनुष्य शोधावा लागे.

हा विचार नेवाशात बसून करण्यास एक वेगळे औचित्य आहे. प्रवरेच्या काठी ज्या पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वर महाराजांनी शके 1212 मध्ये गीतेवर निरूपण केले, तो खांब आजही येथे उभा आहे. ज्ञानेश्वरी हा आधी बोललेला ग्रंथ होय. समोर श्रोते होते, सद्गुरू निवृत्तिनाथ होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. सुमारे नऊ हजार ओव्यांच्या या ग्रंथात श्रोत्यांशी बोलणे जागोजागी येते, ते त्यामुळेच. त्यानंतर सहा शतके बहुसंख्य वारकऱ्यांनी तो ग्रंथ वाचला नाही, तर ऐकला. 1917 साली विष्णुबुवा जोग यांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हाही कीर्तनकाराला ध्वनिक्षेपक ठाऊक नव्हता. टाळ-मृदंगाच्या गजरावर आपला शब्द शेवटच्या रांगेपर्यंत नेणे हा त्याच्या शिक्षणाचाच भाग होता.

घराघरांत दिवस सुरू होई तो जात्यावरच्या ओवीने. दळताना खांदे, छाती आणि श्वास यांचा एक ठेका बांधला जातो आणि त्याच ठेक्यावर आवाज निघतो. उदानवायूचे स्थान उर, संचार नाभीपासून कंठ-नासेपर्यंत आणि कर्म वाक्प्रवृत्ती, प्रयत्न, ऊर्जा व बल. हे सूत्र समजावून देण्यास दळणाऱ्या स्त्रीइतके उत्तम उदाहरण आम्हांस दुसरे सुचत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि पहाटेचा तो स्वर थांबला. दिवसा गावकामगार दवंडी देई, पहाटे वासुदेव येई, रात्री गोंधळी उभा राही. प्रत्येकाची हाक वेगळी. घरातील आंधळी म्हातारीसुद्धा दारात कोण आले ते ओळखी.

नाट्यगृहांत हीच कसोटी अधिक कठोर होती. 8 जुलै 1921 रोजी मुंबईस बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केले, तेही यंत्राच्या साहाय्यावाचून. नंतर तीनच महिन्यांत केशवराव निवर्तले. ग्रामोफोन तोवर आला होता. 1902 साली कलकत्त्यात गौहरजानने तबकडीच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारले, कारण तबकड्या जर्मनीत तयार होत आणि तेथील कारागिरांना गायिका कोण हे कळावयास हवे होते. मुंबईचे आकाशवाणी केंद्र 1927 साली सुरू झाले आणि 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी चित्रपट बोलू लागला. माणूस समोर नसताना त्याचा आवाज ऐकू येणे, ही गोष्ट याच दोन-तीन दशकांत सामान्य झाली.

याचा अर्थ पूर्वजांचे कंठ निरोगी होते असा कोणी काढू नये. चरकांनी सिद्धिस्थानाच्या बाराव्या अध्यायात जे आठ महादोषकर भाव सांगितले, त्यांत उच्चैर्भाष्य, म्हणजे मोठ्याने बोलणे, पहिले आहे. शिरस्ताप, कर्णशूल, मुख-तालु-कंठशोष, हनुग्रह, मन्यास्तंभ, स्वरभेद, हिक्का, श्वास अशी त्याची लक्षणे ते देतात. कीर्तनकार, नट आणि दवंडीवाला यांच्या समाजातच हे निरीक्षण होऊ शकते. इंद्रियस्थानाच्या पहिल्या अध्यायात तर प्राकृत स्वरांना हंस, क्रौंच, दुंदुभी, कपोत अशा उपमा दिल्या असून मेंढीसारखा, अस्पष्ट, गद्गद, क्षीण वा दीन झालेला स्वर वैकृत म्हटला आहे. रुग्णाचा मूळचा आवाज ठाऊक असल्याखेरीज ही परीक्षा होत नाही. जुना वैद्य त्याच गावात राही, म्हणून ती त्याला साधत असे. आता रुग्ण दूरध्वनीवरून सल्ला मागतात; साध्या दूरध्वनीची परंपरागत मर्यादा 300 ते 3400 हर्ट्झ एवढीच, तेव्हा स्वराचा बराचसा भाग गाळूनच आपल्या कानी येतो. अशा सल्ल्यावर आम्ही तरी स्वरभेदाचे निदान करीत नाही.

आवाजाबरोबर शब्दही गेले. कळ, चमक, ठणका, तिडीक, मुरडा, काहिली, कणकण, शिणवटा हे आमच्या भागातील वृद्ध रुग्णांचे शब्द आहेत आणि त्यांत दोषांचा निर्देश जवळजवळ आयताच मिळतो: चमक व तिडीक वाताची, काहिली पित्ताची. तरुण रुग्ण सरसकट ‘पेन’ म्हणतो आणि अहवाल पुढे सरकवितो. रुग्णपत्रिकेत त्याचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, भाषांतर करू नये, असा आमचा आग्रह आहे.

औषधी दुकानदार बंधूंसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. घसा बसला म्हणून येणारा ग्राहक बहुधा प्रथम आपल्याच फळीशी येतो. शिक्षक, फेरीवाले, भजनकरी यांना ज्येष्ठमध, खदिरादि वटी देणे योग्यच. चरकांच्या कंठ्य दशेमानीत सारिवा, ज्येष्ठमध, पिंपळी, द्राक्षा, विदारी, बृहती, कंटकारी आहेतच. मात्र सुश्रुतांनी स्वरभेदाचे जे सहा प्रकार सांगितले, त्यांत क्षयज प्रकारही आहे, आणि विडी-तंबाखूच्या सेवनाने होणारा स्वरयंत्राचा कर्करोग प्रथम बसलेल्या आवाजानेच बोलतो. म्हणून वटीची बाटली देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: आवाज किती दिवसांपासून असा आहे, आणि विडी, तंबाखू, मिश्री यांपैकी काय चालते? तीन आठवड्यांहून अधिक काळ झाला असेल, गिळताना त्रास होत असेल किंवा खोकल्यातून रक्त पडत असेल, तर दुसरी बाटली न देता त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे स्वरयंत्र तपासून घेण्यास धाडावे, आणि खोकला दोन आठवड्यांहून जुना असल्यास थुंकीच्या तपासणीसाठी सरकारी दवाखान्यातही पाठवावे.