मुखपृष्ठावरील स्त्री

भिलाईनजीकच्या बोरसीत, माझ्या संग्रही, जुन्या दिवाळी अंकांचा एक गठ्ठा आहे. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केली. त्यांची व रघुवीर मुळगावकरांची तरुणी पुष्कळदा दिवा उजळण्यात वा गजरा माळण्यात मग्न असते. अमेरिकेत ‘एस्क्वायर’मधील वार्गासची ललना प्रेक्षकाकडे निःसंकोच पाहते, तिला आपण उत्तान म्हणतो, हिला शालीन. हा निवाडा मला घाईचा वाटतो. दलालांच्या रेषेचे लालित्य निर्विवाद. परंतु नजर खाली वळली म्हणून पदर कमी बोलका होत नाही. उलट, पाहणाऱ्याला जाब विचारू शकणारे डोळेच तेवढे दूर सारले जातात. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’मधील स्त्री १९३३ सालीच बोलू लागली होती, मुखपृष्ठावरची त्यानंतरही दिवाच उजळीत राहिली.