पौषातली सहल

पौष महिना आला. या महिन्यात लग्ने होत नाहीत. आहेराचा खर्च नाही आणि वऱ्हाडाची धावपळ नाही. खळी उरकली आहेत. रब्बीची ज्वारी आणि हरभरा रानात उभा आहे. कपाशीची वेचणी कुठे संपली, कुठे थोडी उरली आहे. हवा थंड आहे. चालले तरी दम लागत नाही. वर्षातून चार दिवस घराबाहेर पडायचे, तर ही वेळ चांगली.

पण सहलीचे नाव काढले, की घरोघरी एकच बोलणे ऐकू येते.

"सहल? ती पैसेवाल्यांची चैन. आपल्याला कुठली जमायची?"

आपण जातो, पण लग्नाला जातो, दहाव्याला जातो, दवाखान्यात जातो. घरातली बाई तर माहेर आणि सासर या दोन गावांपलीकडे कितीदा जाते? केवळ पाहावे, हिंडावे, चार दिवस चूल विसरावी, म्हणून ती कधी निघते का?

निघता येते. त्याला तीन गोष्टी लागतात. हिशोब, सावड आणि वाचता येणे. कर्ज मात्र लागत नाही. ते कसे, ते आता पाहू.

कुठे जावे?

लांब जायला नको. छत्रपती संभाजीनगर गाठावे. पूर्वीचे औरंगाबाद ते हेच. २०२३ साली नाव बदलले. गाडीच्या पाटीवर आता नवे नाव असते. म्हाताऱ्या माणसांना हे सांगून ठेवावे, नाही तर ती जुने नाव शोधत बसतात.

या शहरापासून वेरूळची लेणी सुमारे ३० किलोमीटरवर आहेत. अजिंठ्याची लेणी सुमारे १०० किलोमीटरवर आहेत. दोन्ही लेणी सगळ्या जगाचा ठेवा मानली जातात. १९८३ साली ती युनेस्कोच्या यादीत गेली. साता समुद्रापलीकडून माणसे ती पाहायला येतात. आणि आपण, इतक्या जवळचे, ती पाहिलेली नसतात!

कोणत्या वारी निघावे?

हे नीट ध्यानात ठेवा. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. हे ठाऊक नसले, तर दारापर्यंत जाऊन हात हलवत परत यावे लागते.

म्हणून बुधवारी निघावे. दुपारपर्यंत शहरात पोचावे आणि संध्याकाळी बीबी का मकबरा पाहावा. गुरुवारी वेरूळ आणि दौलताबाद. शुक्रवारी अजिंठा. शनिवारी घरी.

नाताळ ते १ जानेवारी हा आठवडा टाळावा. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली, तर तेही दिवस टाळावेत. त्या दिवसांत गर्दी फार. खोलीचे भाडेही चढते.

खर्च किती?

एक घर धरू. घरधनी, कारभारीण, ७० वर्षांची आजी, १० वर्षांची मुलगी आणि १३ वर्षांचा मुलगा. एकूण पाच माणसे.

आधी एसटीचे तिकीट पाहू. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या माणसांना अर्धे तिकीट आहे. ७५ च्या पुढे तिकीट लागतच नाही. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट. वयाची सवलत घ्यायची, तर पुरावा जवळ हवा. कोणते कार्ड चालते, ते आगारात आधी विचारून घ्यावे.

समजा, आपल्या गावापासून शहराचे पूर्ण तिकीट ३०० रुपये आहे. घरधन्याचे ३००. मुलाचे ३००. कारभारीण, आजी आणि मुलगी यांचे प्रत्येकी १५०. मिळून १,०५० रुपये. जाऊन-येऊन २,१००.

आता लेण्यांची फी. वेरूळला माणशी ४० रुपये. अजिंठ्याला ४०. दौलताबादला २५. मकबऱ्याला २५. म्हणजे एका माणसाचे १३० रुपये. १५ वर्षांखालच्या मुलांना फी नाही. तेव्हा तिघा मोठ्यांचे ३९० रुपये झाले. फी कधी वाढतेही. म्हणून खिडकीजवळची पाटी वाचून मगच पैसे द्यावेत.

बाकीचा खर्च जागेप्रमाणे कमी-जास्त होईल. नमुन्यासाठी असा धरू:

गावाहून जाणे-येणे: २,१०० रुपये
तिथले फिरणे: १,७०० रुपये
तीन रात्री मुक्काम, रोज ८०० प्रमाणे: २,४०० रुपये
जेवण आणि चहा: १,८०० रुपये
फी: ३९० रुपये
अडीनडीला राखून: ६१० रुपये
एकूण: ९,००० रुपये

नऊ हजार हा आकडा एकदम ऐकला, की छातीत धस्स होते. पण तो दहा महिन्यांत वाटून पाहा. महिन्याला ९०० रुपये. दिवसाला ३० रुपये. तंबाखूच्या पुड्या आणि टपरीवरचा चहा यांत दिवसाला किती जातात, ते ज्याचे त्याने मोजावे. बचत गटात किंवा पोस्टात हे पैसे वेगळे ठेवावेत. घरात ठेवलेला पैसा घरातच जिरतो.

आणि हेच ९,००० रुपये सावकाराकडून काढले तर? व्याज शेकडा ३ रुपये महिना. म्हणजे महिन्याला २७० रुपये. वर्षाला ३,२४० रुपये. चार दिवसांच्या सहलीचे वर्षभर व्याज! पाहिलेले सगळे त्या व्याजात कडू होईल. म्हणून नियम एकच. पैसे साठले, तर जावे. नाही साठले, तर पुढच्या पौषात जावे. लेणी कुठे पळून जात नाहीत.

एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' नावाचा पासही मिळतो. तो चार दिवसांचा आणि सात दिवसांचा असतो. पण घाईने घेऊ नये. आधी आपल्या तिकिटांची बेरीज करावी. जिला अर्धे तिकीट आहे, तिला सुटे तिकीटच स्वस्त पडेल. गावातली ४० माणसे मिळून निघाली, तर आगारातून पूर्ण बस भाड्याने मिळते. त्याला 'प्रासंगिक करार' म्हणतात. माणशी किती पडते, ते काढून मग ठरवावे.

गुरे कोण पाहील?

खरी अडचण पैशापेक्षा हीच आहे. म्हैस काही सुट्टी देत नाही. सकाळ-संध्याकाळ धार काढावीच लागते. मग घरधनी म्हणतो, "तुम्ही जा, मी राहतो." कारभारीण म्हणते, "तुम्हीच जा. मी गेल्यावर घर कोण बघंल?" आणि शेवटी कुणीच जात नाही.

पेरणीला आपण काय करतो? सावड करतो. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. सहलीचीही तशीच सावड करावी. दोन घरांनी मिळून ठरवावे. या आठवड्यात एक घर जाईल. दुसरे घर त्याची गुरे, कोंबड्या आणि पाण्याची पाळी सांभाळील. पुढच्या आठवड्यात उलट. चार दिवसांचे दूध सांभाळणाऱ्याने घ्यावे. यात कुणाचा उपकार नाही.

सोबत काय घ्यावे?

पहाटेच्या एसटीत वारा बोचतो. शाल, कानटोपी आणि मुलांचे स्वेटर पिशवीत वर ठेवावेत. दुपारी ऊन लागते, म्हणून आजीला जाडजूड लुगडे नको. पायांत रोजच्या वापरातल्या वहाणा असाव्यात. नव्या वहाणा चावतात.

दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घ्यावी. दोन दिवस निभते. पाण्याची बाटली घ्यावी. रोजच्या गोळ्या घ्याव्यात. पैसे एका जागी ठेवू नयेत. थोडे घरधन्याजवळ, थोडे कारभारणीजवळ. मुलांच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. संकटात ११२ हा नंबर लावावा.

खोली घेताना आधी पाहावी आणि मग पैसे द्यावेत. भाडे किती, गरम पाण्याचे वेगळे पैसे आहेत का, सकाळी किती वाजता खोली सोडायची, हे तीन प्रश्न विचारावेत. पावती घ्यावी आणि वाचावी.

वेरूळ

इथे ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्धांची, १३ ते २९ हिंदूंची, ३० ते ३४ जैनांची. तीन धर्मांची माणसे एकाच डोंगरात शेजारी-शेजारी खोदत होती, हेही पाहण्यासारखेच आहे.

१६ नंबरचे लेणे म्हणजे कैलास. त्याचे काम आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी झाले, असे मानतात. हे देऊळ बांधलेले नाही. ते वरून खाली खोदत आणले आहे. आधी कळस, मग भिंती, मग पाया! ज्याने काळ्या पाषाणात विहीर खणली आहे, त्याला हे पटकन कळेल. विहिरीत आपण मधला दगड काढून टाकतो. या कारागिरांनी मधला दगड ठेवला आणि भोवतीचा काढला. एक घाव चुकला, तर तुटलेला दगड पुन्हा जोडता येत नव्हता. तेव्हा सुरुंग नव्हता आणि यंत्रही नव्हते. छिन्नी, हातोडा आणि धीर एवढेच होते.

जवळच घृष्णेश्वर आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी ते एक. अहिल्याबाई होळकरांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. आजीचे तिथे दर्शनही होते.

परतीच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला लागतो. यादवांची देवगिरी ती हीच. किल्ल्यात अंधारी वाट आहे आणि चढ खडा आहे. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी खाली चांद मिनाराजवळ बसावे. वर गेलेच पाहिजे, असा हट्ट नको.

अजिंठा

इथे एक चूक हमखास होते. अजिंठा हे गाव वेगळे आणि अजिंठ्याची लेणी वेगळी. गावापासून लेणी बरीच पुढे आहेत. म्हणून जळगावकडे जाणाऱ्या एसटीत बसावे आणि वाहकाला स्पष्ट सांगावे, "लेणीचा फाटा, फर्दापूरजवळचा." तिथून लेण्यांपर्यंत सुमारे चार किलोमीटर दुसऱ्या बसने जावे लागते. तिचे तिकीट वेगळे.

वाघूर नदीच्या वळणावर, घोड्याच्या नालासारख्या कड्यात ही लेणी आहेत. सर्वांत जुनी लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ती दिसली. तेव्हापासून जगाला त्यांची माहिती झाली.

१, २, १६ आणि १७ नंबरच्या लेण्यांत चित्रे आहेत. भिंतीला आधी मातीचा गिलावा केला. त्या मातीत भाताचे तूस आणि गवत कालवले. आपल्या घराची भिंत लिंपताना कारभारीण मातीत भुसा कालवते, तीच युक्ती! त्यावर चुन्याचा हात दिला आणि दगड-मातीचे रंग भरले. दीड हजार वर्षे झाली, तरी चेहरे बोलतात. त्यांना हात लावू नये. मोबाईलचा झगझगीत दिवा मारू नये. त्या उजेडाने आणि हाताच्या घामाने चित्रे बिघडतात. आपण पाहिली, तशी नातवंडांनाही दिसली पाहिजेत.

पायऱ्या पुष्कळ आहेत. आजीला झेपत नसेल, तर डोलीवाले मिळतात. मजुरी आधी ठरवून घ्यावी.

वाचता आले, म्हणून

आता मागे वळून पाहा. गाडीची पाटी, फीचा आकडा, बंद असल्याचा वार, खोलीची पावती, लेण्याचा नंबर. प्रत्येक ठिकाणी वाचावे लागले. ज्याला वाचता येत नाही, तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. मग कोणी सांगेल ते भाडे आणि कोणी दाखवील ती गाडी. तुम्ही आता हा धडा वाचत आहात. म्हणजे तुम्हाला कुणाच्या तोंडाकडे बघायला नको.

सहलीला निघाल, तेव्हा एक करा. स्टँडवर गाडी लागली, की लगेच धावू नका. घरात जी बाई नुकतीच वाचायला शिकली असेल, तिला पुढे करा. पाटी तिला वाचू द्या. ती अक्षर-अक्षर लावील. "वे... रू... ळ." थोडा वेळ लागेल. लागू द्या. मग ती म्हणेल, "हीच की आपली गाडी. चला, बसा." मग सगळ्यांनी तिच्या मागोमाग चढावे.

आज रात्री वहीचे एक कोरे पान घ्या. वर लिहा: 'पौषातली सहल.' खाली आजची तारीख घाला. तिच्यापुढे लिहा: '३० रुपये.' आणि ते ३० रुपये खरेच बाजूला ठेवा.