धार गेली की गॅप चुकला?

हेडफोन लावलेत ना? आज कोड बाजूला ठेवू आणि पत्रा कापणाऱ्या शिअरिंग मशीनबद्दल बोलू.

माझ्या मामाचं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे. मागच्या महिन्यात गिऱ्हाइकाने 2 मिमी पत्र्याचा अख्खा लॉट परत पाठवला. कारण? बर. म्हणजे कापलेल्या कडेला उभी राहणारी बारीक, धारदार कोर. हात फिरवला की रक्तच! मी बीटेक, लगेच निकाल दिला, "मामा, धार गेलीये, ब्लेड ग्राइंडिंगला पाठवूया." ऑपरेटर काका हसले. "आधी गॅप बघ रे."

वरच्या आणि खालच्या ब्लेडमध्ये थोडी फट लागतेच. पण कात्री ढिली झाली की कागद कापला न जाता दुमडतो ना, तसंच इथे होतं. साध्या लोखंडी पत्र्याला गॅप जाडीच्या साधारण 5 ते 10 टक्के ठेवतात. म्हणजे 6 मिमीला 0.3 ते 0.6 मिमी, आणि 2 मिमीला फक्त 0.1 ते 0.2. काकांनी फीलर गेज घातला आणि चूक सापडली. आदल्या दिवशी 6 मिमीचं काम झालं होतं, गॅप तसाच राहिला होता. आपल्या भाषेत, जुनी सेटिंग नव्या जॉबवर रन झाली!

मग धार खरंच गेली हे कसं ओळखायचं? बोट लावून नाही, टॉर्च मारून. बोथट झालेली कड उजेडात चमकते. बऱ्याच चौकोनी ब्लेडना चार धारा असतात, त्यामुळे एक गेली की ब्लेड फिरवून लावता येतं. चारही संपल्या की ग्राइंडिंग. तेही कूलंट सोडून, थोडं थोडं. घाई केली तर ब्लेड तापतं, कडकपणा जातो, बारीक तडे पडतात. ग्राइंडिंगने ब्लेड थोडं झिजतं, म्हणून शिम घालून बसवायचं आणि गॅप पुन्हा सेट करायचा.

आणि हो, ब्लेडला हात लावण्याआधी मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. कोडमध्ये अनडू असतं, बोटांना नसतं.

मी गॅपसाठी अ‍ॅप बनवणार होतो. काका म्हणाले, "तक्ता छापून मशीनवर चिकटव." चिकटवला. आता जाडी बदलली की आधी तक्ता बघतात.

भेटू पुढच्या एपिसोडला!