शेजारच्या संगणकांतील फाईल कां उघडत नाहीं?

एका संगणकावर ठेविलेली फाईल दुसऱ्या संगणकावर बसून वाचतां यावी, तींत दुरुस्ती करतां यावी, आणि त्यासाठीं पेनड्राइव्ह घेऊन या खोलींतून त्या खोलींत धांवावें लागूं नये, ही सोय आतां शाळांच्या कचेऱ्यांत व पुष्कळ घरांतही झाली आहे. गुणपत्रकांची फाईल कचेरींतील संगणकांत असते. वर्गशिक्षक आपल्या खोलींतील संगणकावरून तींत गुण भरतात. घरीं वडिलांच्या संगणकांतील छायाचित्रें मुलगी आपल्या संगणकावर पाहते. वर्षांतून दहा महिने हें सुरळीत चालतें, आणि नेमकी निकालाच्या आदल्या दिवशीं पडद्यावर एक चौकट येते कीं, अमुक ठिकाण सांपडत नाहीं.

अशा वेळीं जो तो वैद्य होतो. कोणी म्हणतो, संगणक बंद करून पुन्हां सुरू करा. कोणी म्हणतो, फायरवॉल काढून टाका. कोणी म्हणतो, फोल्डर सर्वांना मोकळें करा, पासवर्डाची भानगडच नको. यांपैकीं पहिला उपाय निरुपद्रवी असून कधीं कधीं गुणही देतो. पुढचे दोन मात्र असे आहेत कीं, त्यांनीं तक्रार मिटते, पण घराला दार उरत नाहीं. बिघाड नेमका कोठें आहे हें अगोदर ओळखावें व तेवढाच दुरुस्त करावा, ही रीत पालकांस व वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस सहज साधण्यासारखी आहे. येथें उदाहरणें विंडोज प्रणालीचीं घेतलीं आहेत, कारण कचेऱ्यांतून तीच अधिक आढळते.

संगणक एकमेकांजवळ फाईल मागतात ती एका ठराविक भाषेंत. तिचें नांव एसएमबी. १९८३ च्या सुमारास आयबीएम कंपनींतील बॅरी फायगेनबॉम यांनीं तिचा पाया घातला, व पुढें मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ती आपल्या प्रणालींत घेऊन वाढविली. ऑस्ट्रेलियांत कॅनबेरा येथील विद्यापीठांत अँड्र्यू ट्रिजेल नांवाचे विद्यार्थी होते. त्यांनीं १९९१-९२ च्या सुमारास तारेवरून जाणारे संदेश निरखून त्यांवरून या भाषेचे नियम ताडले, आणि निराळ्या जातीच्या संगणकांनाही ती बोलतां येईल असा कार्यक्रम रचिला. त्याला नांव हवें म्हणून एस, एम, बी हीं अक्षरें ज्यांत क्रमानें येतात असे शब्द त्यांनीं शब्दसूचींत धुंडाळले, आणि ‘सांबा’ हें नांव निवडिलें. (हा ब्राझील देशांतील नृत्याचा प्रकार होय, आपल्या सांबाशीं त्याचा संबंध नाहीं.) ॲपल कंपनीनेंही २०१३ पासून आपल्या संगणकांत फाईलींच्या देवघेवीसाठीं हीच भाषा मुख्य मानिली. तेव्हां घरांत कोणत्याही कंपनीचा संगणक असो, भाषेची अडचण सहसा नसते. मात्र तिच्या जुन्या व नव्या आवृत्त्यांचें एकमेकींशीं पटत नाहीं, आणि त्यांतून निघणारे तंटे पुढें येतीलच.

आतां फाईल मागणाऱ्या संगणकाला आपण पाहुणा म्हणूं, व जिच्यापाशीं फाईल आहे त्या यंत्राला यजमान. पाहुण्याला यजमानाच्या घरीं पोंचावयाचें तर वाट हवी, पत्ता हवा, दार उघडें हवें, आणि आंत ओळख पटली पाहिजे. तपासणी याच क्रमानें करावी. मधूनच आरंभ केला म्हणजे अर्धा दिवस फुकट जातो.

वाटेचें काम थोडक्यांत आटोपतें. यजमान संगणक निद्रिस्त तर नाहीं ना, हें उठून प्रत्यक्ष पाहावें. कित्येक तक्रारी येथेंच संपतात. तारेचें टोक घट्ट बसलें आहे कीं नाहीं व त्यापाशींचा दिवा लागतो कीं नाहीं तें पाहावें. दोन्ही संगणक एकाच राउटरला जोडलेले असावे. एक घरच्या वायफायवर व दुसरा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल तर ते एकमेकांस कधींच भेटणार नाहींत. पाहुण्यांकरितां राखलेलें ‘गेस्ट’ वायफाय असतें तेंही मुद्दाम असें रचिलेलें असतें कीं, त्यावरील यंत्रांना घरांतील इतर यंत्रें दिसूं नयेत. यानंतर कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकींत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा देऊन दोन्ही यंत्रांचे आंकडी पत्ते पाहावे. घरोघरीं ते बहुधा १९२.१६८ अशा आंकड्यांनीं सुरू होतात. पत्ता १६९.२५४ नें सुरू होत असेल तर त्या यंत्राला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाहीं, आणि त्यानें आपल्या मनानें एक लावून घेतला आहे असें समजावें. दोष मग तारेंत, वायफायमध्यें किंवा राउटरमध्यें शोधावा; फोल्डरला हात लावूं नये.

पत्त्याची गोष्ट अधिक फसवी आहे. ‘नेटवर्क’ या खिडकींत यजमानाचें नांव दिसत नाहीं, म्हणून यजमानापर्यंत जातांच येत नाहीं, असा पुष्कळांचा समज असतो. पण गांवांतील घरांची यादी वेगळी, आणि घर वेगळें. यादींत नसलेल्या घरींही पत्ता ठाऊक असल्यास जातां येतें. म्हणून फाईल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टींत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन त्यांपुढें यजमानाचा आंकडी पत्ता लिहावा व एंटर दाबावें. फोल्डर उघडले तर वाट, दार व ओळख हीं तिन्ही ठीक असून केवळ नांवाचा घोळ आहे असें सिद्ध झालें. यादींत नांव उमटावें म्हणून यजमान यंत्रावर ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ नांवाची सेवा चालू असावी लागते. ती आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था करावी. प्रयोगशाळेंतील सारे संगणक एकाच नमुन्यावरून तयार केले असतां दोघांचें नांव एकच राहून जातें व दोघेही रुसतात. तेथें नांवें बदलावीं. नांव १५ अक्षरांच्या आंत ठेवणें बरें, कारण जुनी नामपद्धति तितकींच अक्षरें ओळखते. आणखी एक: राउटर हे आंकडी पत्ते वेळोवेळीं बदलूं शकतो. कालपर्यंत चालणारी ‘झेड’ ड्राइव्ह आज चालत नसेल, तर ती जुन्या आंकड्यावर बांधलेली आहे काय तें पाहावें, आणि राउटरमध्यें यजमानासाठीं एक पत्ता कायमचा राखून ठेवावा.

नांवानेंही नाहीं व आंकड्यानेंही नाहीं, आणि ८००७००३५ या आंकड्यांनीं शेवट होणारा दोष-क्रमांक येतो, तेव्हां संशय दारावर घ्यावा. यजमानाच्या ज्या दारीं एसएमबीचे संदेश येतात त्याचा क्रमांक ४४५. हें दार उघडें ठेवावयाचें कीं बंद, तें फायरवॉल ठरविते, आणि ती ठरविते जाळ्याची जात पाहून. विंडोज प्रत्येक जाळ्याला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ असा शिक्का मारते. पब्लिक म्हणजे स्टेशन, वाचनालय, उपाहारगृह, जेथें शेजारी कोण बसला आहे हें ठाऊक नसतें. तेथें दार बंद. राउटर नवा आणला किंवा त्याचें नांव बदललें कीं घरचें जाळेंही संगणकाला अनोळखी वाटतें आणि त्यावर पब्लिकचा शिक्का बसतो. कालपर्यंत चालत होतें, आज कोणींच कांहीं केलें नाहीं, तरी बंद पडलें, या चमत्काराचें कारण पुष्कळदां हेंच. यजमान यंत्रावर सेटिंग्जमधील नेटवर्कच्या भागांत जाऊन घरच्या किंवा कचेरीच्या जोडणीला प्रायव्हेट करावें, व प्रगत शेअरिंगच्या पानावर ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ व ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ हे दोन खटके चालू करावे. एवढ्यानें योग्य तितकेंच दार उघडतें. सबंध फायरवॉल पाडण्याचें कारण राहत नाहीं. विकत घेतलेल्या विषाणूनाशक कार्यक्रमाची स्वतंत्र फायरवॉल असल्यास तिलाही हें जाळें विश्वासाचें आहे असें सांगावें लागतें. ‘पिंग’ आज्ञेला उत्तर न आल्यास घाबरूं नये. तेंही हीच फायरवॉल पुष्कळदां अडवून धरते.

आतां राहिली ओळख. ‘ॲक्सेस इज डिनाइड’ अशी चौकट आली कीं लोक हताश होतात. वस्तुतः ती शुभवार्ता आहे. वाट, पत्ता, दार हीं सारीं ठीक आहेत, पहारेकरी जागा आहे, आणि तो फक्त नांव विचारीत आहे. त्याला नांव व पासवर्ड द्यावयाचा तो यजमान यंत्रावरील खात्याचा, आपल्या यंत्राचा नव्हे. सकाळीं संगणक उघडतांना आपण जो चार-सहा आंकड्यांचा पिन दाबतों तो त्या यंत्रापुरताच असतो, जाळ्यावर चालत नाहीं. मायक्रोसॉफ्टचें खातें असेल तर पूर्ण ई-मेल पत्ता व त्याचा खरा पासवर्ड लागतो. ज्या खात्याला पासवर्डच नाहीं त्याला विंडोज जाळ्यावरून आंत घेतच नाहीं, आणि तें योग्यच आहे. सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे यजमानावर केवळ याच कामासाठीं एक निराळें साधें खातें काढून त्याला पासवर्ड द्यावा. पासवर्ड बदलल्यानंतर पाहुणा जुनाच पासवर्ड निमूटपणें पाठवीत राहतो. तो क्रेडेन्शियल मॅनेजरमधून पुसून टाकावा.

येथें आणखी एक गांठ आहे. फोल्डरला दोन कुलुपें असतात, एक शेअरिंगचें व दुसरें डिस्कवरील सुरक्षेचें. दोहोंपैकीं जें अधिक कडक तेंच चालतें. शेअरिंगमध्यें ‘लिहिण्याची मुभा’ दिली आणि सुरक्षेंत केवळ ‘वाचण्याची’, तर पाहुण्याला वाचतांच येईल. म्हणून एकच कुलूप वारंवार फिरवीत बसूं नये. आणि ‘एव्हरीवन’ला पूर्ण अधिकार देऊन सुटका करून घेणें हा तर आळसाचा मार्ग आहे. गुणपत्रकांच्या फोल्डरवर लिहिण्याचा अधिकार गुण भरणाऱ्यांसच असावा. इतरांस वाचण्यापुरता, आणि तोही हवाच असेल तर.

ज्या सल्ल्याची मला सर्वांत अधिक भीति वाटते तो निराळाच आहे. विंडोजच्या वैशिष्ट्यांच्या यादींत ‘एसएमबी १.०’ असें एक घर असतें. त्यांत खूण करा म्हणजे सारें दिसूं लागेल, असें जाणते म्हणविणारे आजही सांगतात. खूण केली म्हणजे कित्येकदां दिसूं लागतेंही, कारण संगणकांची जुनी यादी त्या पहिल्या आवृत्तीवर अवलंबून होती. पण याच आवृत्तींतील एका छिद्रासाठीं मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च २०१७ रोजीं दुरुस्ती दिली, आणि ज्यांनीं ती लावली नव्हती त्यांच्यावर १२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाची सांथ येऊन कोसळली. एक संगणक ग्रस्त झाला कीं तोच जाळ्यांतील दुसऱ्यांचें ४४५ क्रमांकाचें दार ठोठावीत जाई. माणसानें कांहीं उघडण्याचीही गरज नसे. फाईलींना कुलुपें पडत व किल्लीसाठीं खंडणी मागितली जाई. सुमारें १५० देशांत तिचा प्रसार झाला. एकट्या इंग्लंडांत सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ संस्थांपैकीं निदान ८० संस्थांच्या कामांत खंड पडला, आणि हजारों रोग्यांच्या ठरलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया पुढें ढकलाव्या लागल्या. त्याच वर्षाच्या अखेरच्या सुमारास निघालेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून ही जुनी भाषा नव्या यंत्रावर मुळांत बसविलीच जात नाहीं. ज्या घरांत आपण खूण करतों त्यांत हा सारा इतिहास आहे.

विंडोज ११ ची जी आवृत्ति २०२४ सालीं निघाली तिनें प्रो व शाळांसाठींच्या प्रकारांत आणखी कडक शिस्त लाविली: प्रत्येक संदेशावर सही हवी, आणि नांव न सांगतां पाहुणा म्हणून कोठें शिरावयाचें नाहीं. त्यामुळें नवा संगणक आणल्याबरोबर जुनी साठवणीची पेटी उघडेनाशी झाली अशी तक्रार येऊं लागली. तेथें संगणकाची शिस्त मोडूं नये. पेटीच्या कंपनीनें नवी आवृत्ति दिली असल्यास ती लावावी, आणि पेटीवर पासवर्डासह खातें काढावें. बहुतेक वेळां एवढ्यानें काम होतें. विंडोज १० च्या नेहमींच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबल्या आहेत; अशा जुन्या यंत्राला यजमान करून त्यांत मोलाच्या फाईली ठेवूं नयेत.

सर्वांसाठीं मोकळ्या फोल्डरांतील फाईलींना कोणत्याही एका पाहुण्या यंत्रावरील विषाणू कुलूप लावूं शकतो. यासाठीं आठवड्यांतून एकदां त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, व प्रत घेऊन होतांच तिची तार काढून डिस्क कपाटांत ठेवावी. आणि जें जुनें स्कॅनिंगचें यंत्र पहिल्या आवृत्तीवांचून दुसरी भाषा बोलतच नाहीं, त्याच्याकडून चित्रें ई-मेलनें किंवा पेनड्राइव्हवर घ्यावीं. त्या एका यंत्रासाठीं कचेरींतील सर्व संगणकांवर ती खूण करूं नये.