इशारा म्हणजे सुटका नव्हे

सुरत म्हटले की आपल्याला १६६४ ची शिवाजी महाराजांची स्वारी आठवते. मला आठवते ती माझ्या मामांची नदीकाठची एक खोली. मामा खानदेशातून सुरतेला यंत्रमागावर कामाला गेले आणि तिथलेच झाले. ऑगस्ट २००६ च्या पुरात ती खोली छपरापर्यंत बुडाली.

हा पूर केवळ आकाशातून पडला नव्हता. सुरतेच्या वर सुमारे शंभर किलोमीटरवर तापी नदीवर उकाई धरण आहे. ते १९७२ मध्ये पुरे झाले. सिंचन आणि वीज यांसाठी धरण भरलेले हवे, पूर अडविण्यासाठी मात्र त्यात जागा रिकामी हवी. या ओढाताणीत धरण बरेच भरलेले असताना वरून लोंढा आला आणि सुमारे ९ लाख क्यूसेक, म्हणजे दर सेकंदाला ९ लाख घनफूट, पाणी सोडावे लागले. त्यातच नारळी पौर्णिमेचे दिवस होते. समुद्राला उधाण होते. बहुतेक शहर पाण्याखाली गेले.

मी मामांना एकदा विचारले, "तुम्ही आधीच का निघाला नाहीत?" ते म्हणाले, "अरे, पाणी येणार हे कानावर आलं होतं. पण जायचं कुठं? खोली सोडली तर भांडीकुंडी कोण राखणार? खाडा पडला तर मजुरी कोण देणार?"

या तीन प्रश्नांतच सारा विषय आहे. ज्याच्याजवळ मोटार आणि दुसऱ्या गावी नातलग आहेत, त्याला इशारा पुरतो. गरिबाला वाहन, निवारा, अन्न आणि मागे राहिलेल्या सामानाची राखण लागते. २००५ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे कॅटरिना वादळापूर्वी शहर सोडण्याचा हुकूम निघाला, परंतु मोटार नसलेले हजारो लोक मागेच राहिले. श्रीमंत देशातही हुकूम म्हणजे व्यवस्था नव्हे, हे तिथे दिसले.

व्यवस्था करता येते, हे ओडिशाने दाखविले. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. पुढे किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले गेले, गावोगावी माणसे तयार केली गेली. २०१३ च्या फायलिन वादळापूर्वी जवळजवळ दहा लाख लोकांना हलविण्यात आले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली.

आपल्याकडे आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. संकटकाळी वाहने व इमारती ताब्यात घेण्याचा अधिकारही त्याने सरकारला दिला आहे. वादळ कोणी आणत नाही, पण धरणाचे दरवाजे सरकारच उघडते. पाणी शहरात पोहोचण्यापूर्वीचे काही तास सरकारच्या हाती असतात. म्हणून माझ्या मते तिथे जबाबदारी दुप्पट आहे. भोंगा वाजविल्याने ती संपत नाही, वस्तीतले शेवटचे म्हातारे माणूस कोरड्या जागी बसले की संपते.