नाव यंत्रासाठी नव्हे, माणसासाठी

व्यापाऱ्याच्या खतावणीत प्रत्येक खात्याला स्वतंत्र पान असते आणि आरंभीची अनुक्रमणिका नावावरून ते पान दाखवते. आता अशी वही कल्पावी की जिच्यात अनुक्रमणिका नाही आणि पानांवर नावेही नाहीत. ‘पान ४७ वरील रक्कम पान १२ वरील रकमेत मिळवा’, एवढ्याच आधारावर मुनीमजींनी वर्षाचा मेळ घालायचा. मध्ये एक पान वाढले, तर पुढचे सर्व क्रमांक बदलणार. एखादा बदलायचा राहिला, तर एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावे पडणार. आरंभीच्या संगणकांसाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांची स्थिती अशीच होती.

यंत्राला केवळ अंक कळतो. ‘बेरीज कर’ ही आज्ञा म्हणजे एक अंक आणि रक्कम जिथे ठेवली ती जागा म्हणजे दुसरा अंक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडलेला संगणक फेब्रुवारी १९६० मध्ये सुरू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याच्या स्मृतीत २०४८ जागा होत्या. इतक्या जागांचे क्रमांक केवळ मनात सांभाळणे कोणालाही अवघडच.

या अडचणीवर परदेशात १९४७ पासूनच उपाय शोधले जात होते. लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयातील कॅथलीन बूथ यांना अशा सांकेतिक भाषेच्या पहिल्या मांडणीचे श्रेय दिले जाते. १९४९ मध्ये केंब्रिजच्या ‘एडसॅक’ यंत्रावर डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने अवघ्या ३१ आज्ञांची एक प्रणाली रचली. तिच्यामुळे बेरजेसाठी ‘ए’, वजाबाकीसाठी ‘एस’ असे एकेक अक्षर लिहिता येऊ लागले. त्याचे अंकांत रूपांतर यंत्रच करी. पुढे आयबीएम ६५० या यंत्रासाठी ‘सोप’ नावाची प्रणाली आली. ती जागांना नावे देऊ देई. शिवाय फिरत्या चुंबकीय ढोलावर पुढची आज्ञा कुठे ठेवली असता वेळ वाचेल, हेही स्वतः ठरवी.

या भाषांना असेंब्ली भाषा म्हणतात आणि त्यांचे भाषांतर करणाऱ्या प्रणालीला असेंब्लर. तिचे काम बहुधा दोन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत ती सर्व नावांची अनुक्रमणिका करते आणि प्रत्येकाला पान नेमून देते. दुसऱ्या फेरीत नावांच्या जागी पानांचे क्रमांक भरते. मध्ये नवे पान आले, तरी नवी अनुक्रमणिका यंत्रच करते. एप्रिल १९६४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम ३६० वर दशमान बेरजेसाठी ‘एपी’ लिहीत. यंत्रापर्यंत मात्र ‘एफए’ हा संकेतांक पोहोचे.

जैन दर्शनात नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव असे चार निक्षेप सांगितले आहेत. त्यातील नामनिक्षेप म्हणजे गुणाचा विचार न करता केवळ व्यवहारासाठी दिलेले नाव. असेंब्ली भाषेतील नाव नेमके असेच असते. एखाद्या जागेला ‘व्याज’ म्हटले म्हणून यंत्राला व्याज कळत नाही. त्या जागी चुकून मुद्दल ठेवले, तरी ते तितक्याच निष्ठेने बेरीज करील.

या नावांचे मोल पुढे मुंबईलाही कळले. १९६१ मध्ये एस्सो कंपनीने येथे आयबीएम १४०१ बसवला; १९६४ मध्ये टाटा संस्थेत सीडीसी ३६०० आला; १९७३ मध्ये अंधेरीत इलेक्ट्रॉनिक्स निर्यातीसाठी सीप्झ उभे राहिले आणि कालांतराने तेथे सॉफ्टवेअर कंपन्या नांदू लागल्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘वाय-टू-के’चे संकट समोर आले. स्मृती महाग होती, म्हणून जुन्या आज्ञावलींत वर्षाचे शेवटचे दोनच अंक ठेवलेले असत. त्यामुळे इतरांनी अनेक वर्षांपूर्वी लिहिलेल्या ओळी वाचून सुधारण्याचे काम भारतीय तंत्रज्ञांकडे आले. जिथे नावे अर्थपूर्ण होती आणि मूळ लेखन जपलेले होते, तिथे वाट सापडे. जिथे केवळ अंक उरले होते, तिथे लिहिणाऱ्याचा हेतूच हरवलेला असे.

आज दुकानातील संगणकावर खाते उघडताना पुष्कळदा ‘इतर’ किंवा ‘किरकोळ’ असे नाव देऊन काम उरकले जाते. यंत्र हरकत घेत नाही, ताळेबंदही जुळतो. मात्र पाच वर्षांनी मुलाने किंवा सुनेने ते खाते उघडले, तर त्यांना त्यातून काय कळणार? नाव देताना घेतलेले चार क्षणांचे कष्ट पुढच्या पिढीचे कित्येक दिवस वाचवतात.